शेवटच्या बाईने जाळलेलं दार

मी जगातली शेवटची बाई होते. अंगात बारदान्याचा झगा, तोंडाला चुलीतली राख, हातात कुऱ्हाड आणि पाठीमागे संपलेलं जग. हा सिनेमा आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी काढला होता. सव्वा तासाच्या त्या सिनेमात माझ्याशिवाय एकही जिवंत माणूस नाही, असं सर सगळ्यांना सांगत. ते खोटं होतं.

सर मागच्या वर्षी वारले. शाळेत शोकसभा झाली तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसले होते. जो उठला तो हेच सांगत होता की सर म्हणजे अवलिया माणूस, तऱ्हेवाईक पण मनाचा सच्चा, कलेसाठी जगलेला. मला या अवलिया शब्दाची भारी चीड आहे. एखाद्याने आपल्या नादात दुसऱ्याच्या घरावर नांगर फिरवला की आपण त्याला हा शब्द बहाल करतो, म्हणजे मग जाब विचारायला नको. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. बोलले असते तर सभा उधळली असती, आणि सरांच्या घरची माणसं पहिल्या रांगेत होती. म्हणून तेव्हा गप्प बसले आणि आता लिहिते आहे.

सानगडीजवळच्या त्या शाळेत मी गणित शिकवायची. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मे महिन्यात गळ्याला मफलर, सायकलवर हेल्मेट, आणि खिशात पेनाच्या जागी पेन्सिली तासायचं ब्लेड. नव्या वर्गावर गेले की पोरांना पहिल्या तासाला देखावा काढायला लावत. पोरं काढणार तेच. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळाचं झाड. सर एकेक वही उचलून विचारत, भंडारा जिल्ह्यात नारळ कुठं पाह्यला रे तू, घरामागं मोहाचं झाड आहे ते काहून नाही दिसलं तुले? सगळ्या वर्गाला शून्य. पालक भांडायला आले की सर शांतपणे सांगत, शून्य चित्राले नाही देलं, डोळ्याले देलं. तेव्हा मला हे फार आवडायचं. मी नवीन होते, आणि नव्या माणसाला असल्या बोलण्याची भुरळ पडते.

'छान' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कोणी चित्र पाहून छान म्हणालं की ते तडकायचे. "छान पोह्याले म्हणा," म्हणायचे. "चित्र पाहून काय झालं ते सांगा. पोट दुखलं का? राग आला का? घरची आठवण आली का?" समोरचा माणूस बिचारा ओशाळून चहाकडे वळायचा. सर त्याच्या मागे मागे जायचे.

सिनेमाचं खूळ त्यांच्या डोक्यात जिल्हा फुटला तेव्हा शिरलं. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या शाळेतली तीन-चार माणसं आपापल्या घराकडच्या जिल्ह्यात बदली करून निघून गेली. शिक्षकांच्या खोलीतल्या त्या खुर्च्या बरेच दिवस रिकाम्या होत्या. सर त्यांच्याकडे पाहत म्हणायचे, जग काही एकदम संपत नसते मॅडम, आधी जिल्हा फुटते, मंग हापिस जाते, मंग एसटी बंद होते, आणि मंग एक दिवस पाहता तर तुमी एकटेच आहा. पुढे कित्येक वर्षं हेच एक चित्र ते वेगवेगळ्या कागदांवर काढत राहिले. ओसाड गाव आणि त्यात एक बाई. एक दिवस म्हणाले, चित्र हललं पाहिजे. आणि साकोलीच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला गाठून त्यांनी त्याचा कॅमेरा चार रविवारांसाठी मागून आणला.

बाई म्हणून मला उभं केलं. बाकीच्या मॅडमांच्या नवऱ्यांनी ऐकलं नसतं. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि मला ते सगळं फार मोठं वाटत होतं.

आधी त्या सिनेमाच्या बघ्यांबद्दल सांगते, कारण सरांचा जीव सिनेमात कमी आणि बघणाऱ्यांत जास्त होता. सिनेमा दाखवून झाला की ते स्वतः दारात आडवे उभे राहत. हातात दोनशे पानी वही. प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं, तरच बाहेर. म्हाताऱ्यांना लघवीला जायची परवानगी मिळायची, पण परत यायच्या बोलीवर.

पहिला खेळ बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झाला, रविवारी वंदना आटोपल्यावर. सिनेमाची जोडजाड त्या लग्नवाल्याच्याच दुकानात झाली होती आणि त्याला दोन दृश्यं जोडायची एकच रीत ठाऊक होती. त्यामुळे जळून गेलेल्या रानावरून गुलाबाच्या पाकळ्या उडत गेल्या, आणि माझ्या राखेने माखलेल्या तोंडाभोवती बदाम उमलला. लोकांना तेवढंच आवडलं. सर लाल झाले. त्यांनी पाकळ्या काढून टाकायला लावल्या आणि त्या जागी वारा टाकला. सिनेमात बोलणं नव्हतंच, बोलणारे मेले होते. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता वाऱ्याचा आवाज.

तुमसरला एका राईस मिलच्या गोदामात खेळ झाला. खिडक्यांना पोती लावून भरदिवसा अंधार केला होता. सिनेमात एक जागा आहे, तिथे शेवटची बाई शेवटचा मूठभर तांदूळ शिजवते, भात वेळते आणि पेज फेकून देते. पेज फेकायला मला सरांनीच सांगितलं होतं, वाफ चांगली दिसते म्हणून. गोदामात त्या जागी कालवा झाला. मिलमध्ये पाखडायला येणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. जगात एक मूठ तांदूळ रायला आणि हे बाई पेज फेकून राहिली? हिले कोणं शिकवलं? खेळ संपल्यावर त्यांनी मला घेरलं. एकीने तर मला चुलीजवळ कधी बसली होती का म्हणून विचारलं. मी रडायच्या बेतात आले होते, आणि सर बाजूला उभे राहून भराभर लिहून घेत होते, चेहरा कसा फुललेला. जाताना मला म्हणाले, "पाह्यलं मॅडम? चिडल्या. म्हणजे पोचला."

त्यांचा सिद्धांत हाच. बघणारा चिडला की सिनेमा पोचला. चिखल्याला खाणकामगारांच्या वस्तीत दाखवला तर तिथली माणसं चिडली नाहीत. एक जण म्हणाला, पाळी सुटल्यावर आमी असेच दिसतो जी, याच्यात नवीन काय आहे? सर त्या माणसाशी तासभर भांडले. तो बिचारा पाळी करून आला होता, त्याला जेवायचं होतं.

मग नागपूर. तिथल्या एका सिनेमंडळाने बोलावलं. पंख्याखाली खुर्च्या, चहासोबत बिस्किटं. त्यांनी पेजेचं काही काढलं नाही. त्यांना आवडलं ते दार. सिनेमात शेवटाकडे बाई एका कुलूप लावलेल्या घरासमोर येते, कुऱ्हाडीने दार तोडते आणि ते अख्खं सागवानी दार अंगणात जाळून त्यावर तो भात शिजवते. दार तुटत असताना मागे, जरा लांब कडुनिंबाखाली, एक माणूस दिसतो. डोक्याला दुपट्टा, हातात काठी. तो दुसरा हात वर करून हलवतो आणि मग तसाच उभा राहतो. नागपूरच्या एका प्राध्यापक बाईंनी उभं राहून विचारलं की ती आकृती म्हणजे भूतकाळ का, आणि तो आशीर्वाद देतो आहे की निरोप. दुसरे एक जण म्हणाले, मला तर ते भूत वाटलं. सरांनी मान तिरकी करून सांगितलं, तुमाले जे वाटलं ते. टाळ्या झाल्या. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

परतीच्या बसमध्ये मात्र सर धुमसत होते. टाळ्या वाजवल्या म्हणजे कोणालेच लागलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, तो झाडाखालचा माणूस कोण हो सर? मला तो शूटिंगच्या वेळी ओझरता दिसला होता, बघ्या असेल म्हणून मी पुन्हा तिकडे पाहिलं नव्हतं, आणि कुऱ्हाडीच्या आवाजात काही ऐकूही आलं नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, होता एक गुराखी, आपोआप आला फ्रेममध्ये. मग म्हणाले, आता हा सिनेमा ज्या गावात काढला त्या गावाले दाखवायचा. त्याईचं खरं.

ते गाव पवनीकडचं. धरणाच्या बुडीतात जाणार होतं. आम्ही गेलो तेव्हा निम्मं गाव उठलेलं होतं. लोक छपरांचे कवेलू, लाकडी मयाली, दारं, चौकटी बैलगाड्यांवर लादून नव्या वस्तीकडे नेत होते. सरांनी माजी सरपंचाला रस्त्यात गाठून विचारलं, गावात फोटो काढू का. तो म्हणाला, गावच नाही राहून राहिलं, काढा काय काढायचं ते. सरांच्या दृष्टीने झाली परवानगी. त्या घराला कुलूप पाहून मी विचारलं तर म्हणाले, विचारलं आहे मी, तुमी मारा. मी मारली कुऱ्हाड. सागवान जुनं होतं. सात-आठ घावांनी बिजागरी सुटली.

पुढचं मला कळलं ते चार वर्षांनी, पण वाचणाऱ्याला आधीच सांगते.

ते घर सायत्राबाईंचं. त्यांचा नवरा नागपूरला दवाखान्यात होता आणि त्या तीन महिने त्याच्या उशाशी. जाताना किल्ली त्यांनी दिराजवळ दिली, तुळशीरामजवळ. भिंतीचं काय होईल ते होवो, म्हणाल्या, एवढं दार सांभाळा भाऊजी. दार त्यांच्या बापाने लग्नानंतर घडवून दिलं होतं आणि ते नव्या वस्तीतल्या घराला बसवायचं होतं. तिकडची सगळीच घरं सारखी, विटांच्या चार भिंती. जुनं दार लावलं की ते घर आपलं, असं त्या गावाने आपापसांत ठरवूनच टाकलं होतं. नवरा दवाखान्यातच वारला. सायत्राबाई एकट्या परतल्या तर घराला दार नाही आणि अंगणात राख.

तुळशीराम म्हणाला, वहिनी, सरकारी माणसं आले होते, कॅमेरा घेऊन, त्याईनं तोडलं न जाळलं. त्याची काय चूक? त्या दिवसांत गावात कॅमेरा घेऊन येणारा म्हणजे घरं मोजायला आलेला सरकारी माणूसच. दुसरा कोणी कॅमेरा त्या गावाने बघितलाच नव्हता. म्हणून बाकी कोणी आम्हाला हटकलं नाही, उलट दोघांनी पाणी विचारलं होतं. सायत्राबाईंना ते पटलं नाही. सरकार दार नेते, त्या म्हणाल्या, जाळत नाही. आणि जाळून कोणी भात नाही शिजवत. राखेत त्यांना चिकटलेली शितं दिसली होती. पुढे वस्तीत तुळशीरामच्या घराला सागवानी दार लागलं, तेव्हा त्या सगळ्यांदेखत बोलल्या की हे माया बापाचं लाकूड आहे, रंधा मारून आणलं यानं. ते त्याचं स्वतःचं दार होतं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला दीर नाही. पुतणीच्या लग्नात काकू नाही. आणि चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुळशीराम ताप येऊन मेला, तर शेजारच्या घरात बसून सायत्राबाई त्याच्या मातीला गेल्या नाहीत.

आम्ही खेळ घेऊन गेलो ते त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर.

नव्या वस्तीची मंडई होती. इकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, भरदुपारी दंडारीचा नाच रंगतो, जिलेबी, फुगे, पाळणे. वस्तीची ही पहिली मोठी मंडई, म्हणून बुडीत गावातून जे कुठे कुठे पांगले होते ते सगळे आलेले. सरांनी बरोबर तोच दिवस धरला. समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती ठोकली, भिंतीवर चादर ताणली, आणि दुपारी दोनला दारं लोटून घेतली.

पहिल्या पाच मिनिटांत सिनेमा सरांच्या हातातून गेला. लोकांना माझ्याशी किंवा जगाच्या अंताशी काही घेणं नव्हतं. ते गाव बघत होते. हे पाहा पाटलाचा कोठा. हे नाही का आपली विहीर. अरे, आजीचं घर, आजीचं घर, आजीले बोलवा. बाहेरून माणसं आत शिरत होती, बाया लेकरं खांद्यावर घेऊन ओरडून घरं दाखवत होत्या. मी पडद्यावर मरणाच्या भुकेने सरपटत होते आणि एक म्हातारा मला हाताने बाजूला हो म्हणत होता, कारण मी त्याच्या गोठ्यासमोर आले होते. मला हसू आलं. खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं की यापरता सिनेमा नाही. सरांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते.

मग कुलूप आलं.

आवाज हळूहळू बसला. मी पडद्यावर कुऱ्हाड उचलली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने अगं माय वं म्हटलं आणि पदर तोंडाशी नेला. घाव बसत गेले. दार कलंडायला लागलं. मागे कडुनिंबाखाली तो माणूस आला आणि त्याने हात वर केला.

"तुळशीराम भाऊ," कोणीतरी म्हणालं.

त्या हाताचा अर्थ तिथे कोणाला विचारावा लागला नाही. तो नको म्हणत होता. आमच्या नागपूरच्या मंडळाला जे कळलं नाही ते इथल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. माणूस हात उभा धरून डावी-उजवीकडे हलवतो तेव्हा तो नको म्हणत असतो. आशीर्वाद म्हणे.

बायांमधून सायत्राबाई उठल्या. लहानशा, वाळलेल्या, पांढरं लुगडं. चालत चादरीपर्यंत गेल्या आणि त्यांची सावली आगीवर पडली. "पुन्यांदा दाखवा जी," त्या म्हणाल्या. सरांनी मागे नेऊन दाखवलं. "पुन्यांदा." असं चार वेळा झालं. तुळशीराम आला, हात हलवला, थांबला. आला, हात हलवला, थांबला. पाचव्या वेळी त्यांनी विचारलं, तो काय म्हणून राहिला? सर म्हणाले, आवाज नाही आहे, त्या जागी वारा टाकला आहे. मग त्यांनी पडद्यावरच्या माझ्यावर बोट ठेवलं आणि हे कोण म्हणून विचारलं. मी उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि सर, माझे सर, अवलिया, वही घेऊन पुढे झाले. खेळ संपला की करायचे तेच केलं त्यांनी. म्हणाले, "बाई, तुमाले काय वाटलं?"

मी ती वही त्यांच्या हातातून ओढली आणि भिंतीवर फेकली. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर मी तेवढी एकदाच हात उचलायला निघाले होते. पण सायत्राबाईंनी उत्तर दिलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मले वाटलं का मी चार वर्सं खऱ्या माणसाले चोर म्हणत होती."

लोकांनी आम्हाला मारलं नाही. ते मारतील असं मला वाटत होतं आणि मी तयारही होते. त्यांनी नुसती वाट करून दिली. बाहेर दंडारीचे ढोलक वाजत होते.

सरांनी मागून आणलेली मोटरसायकल वस्तीच्या फाट्याशी थांबवायला लावून मी त्यांना विचारलं, तो तुमच्याशी बोलला होता की नाही? तो तिथे तुमच्या कॅमेऱ्यापासून पंधरा पावलांवर उभा होता. सर म्हणाले, आठवत नाही मॅडम. म्हणाले, मोठ्या कामात अशा गोष्टी होतात. म्हणाले, पण पाहिलंत ना, कसा लागला तो सीन. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूळ आवाजाचा टेप आणा, एवढं मी शेवटी म्हणाले, नाही तर मी शाळेत सगळ्यांसमोर हेच बोलेन. आणि एकटी बसने आले.

सर आठ दिवस शाळेत आले नाहीत. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत आले, दाढी वाढलेली, मफलर नाही. म्हणाले, टेप ऐकला, चला. साकोलीच्या त्या दुकानातून कॅमेरा आणि छोटा टीव्ही घेऊन आम्ही पुन्हा वस्तीत गेलो. त्या टेपवर जे होतं त्यातलं स्वतःपुरतं कापून टाकणं त्यांना अवघड नव्हतं, दुकान हाताशीच होतं. त्यांनी कापलं नाही. त्यांच्या बाजूने मी एवढं लिहीन, जास्त नाही.

सायत्राबाईंनी जावेला निरोप पाठवला. पार्बताबाई येतील असं वाटत नव्हतं, पण आल्या. तुळशीरामची बायको, उंच, कपाळ मोकळं. त्या घरात चार वर्षांत पहिल्यांदा आल्या होत्या. बस म्हटलं तर बसल्या नाहीत. सरांनी टीव्ही लावला.

आधी कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मग कडुनिंबाखालून आवाज आला, जरा लांबचा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. "साहेब, ते दार सोडा जी. माया भावाचं घर आहे. भाऊ नागपूरले दवाखान्यात हाय, वहिनीनं चाबी मायाजवळ देली. वाटल्यास माया घराचं दार तोडा साहेब, ते पलीकडचं."

आणि त्याच्यावर अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, सरांचा आवाज. "बाजूले व्हा हो. फ्रेम बिघडून राहिली."

तुळशीराम तरीही बाजूला झाला नव्हता. त्याने हात वर केला आणि हलवला.

सायत्राबाई जमिनीवर बसल्या. जावेचा पाय धरायला त्यांनी हात पुढे केला, तर पार्बताबाईंनी पाय मागे घेतला. उभ्यानेच त्या बोलल्या.

"जित्ता होता तवा हेच सांगत होता तुले. तुया अंगणात उभा राहून सांगतलं, माया लेकीच्या लग्नाआधी सांगतलं, तापात पडला तवा बी सांगत होता. तवा त्याच्या तोंडचं खरं नाई वाटलं. आता डब्ब्यातून बोलला तर खरं वाटून राहिलं?"

आणि त्या निघून गेल्या. सायत्राबाई तशाच बसून राहिल्या, हात पुढे केलेला. टीव्ही बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. टेप चालूच होता. अंगणात दार पेटलं, मी त्याच्याजवळ उकिडवी बसले, आणि कॅमेऱ्यामागून सर म्हणाले, "झकास. आता रडा मॅडम."

आणि मी रडायला लागले. खूप चांगली रडले होते मी त्या दिवशी.